वसईजवळ सुई हलली

आठवीच्या सहलीला आम्ही एका डोंगरी किल्ल्यावर गेलो होतो. बाबांनी जत्रेतून आणलेलं, पितळी डबीतलं होकायंत्र मी मुद्दाम बरोबर घेतलं होतं. ‘चुंबकसुई नेहमी उत्तर दाखवते’ हे वाक्य भूगोलात घोकून झालं होतं आणि गडावर पोचल्यावर सगळ्यांना उत्तर दाखवायची कामगिरी माझ्याकडे होती. बालेकिल्ल्याच्या वाटेवर एक मोठी काळी शिळा लागली. मी डबी तिच्यावर ठेवली. सुई थरथरली, फिरली आणि भलत्याच दिशेला जाऊन थांबली. डबी उचलली की सुई जागेवर, ठेवली की पुन्हा भलतीकडे. सरांना दाखवलं. ‘बिघडलंय ते, खिशात टाक,’ म्हणाले आणि पुढे गेले. घरी येऊन सहलीच्या वहीत मी लिहिलं, ‘होकायंत्र बिघडले होते.’

ते बिघडलेलं नव्हतं. हे कळायला मला पंचवीसेक वर्षं लागली, आणि कळलं ते सोळाव्या शतकातल्या एका पोर्तुगीज माणसाच्या नोंदींमुळे. त्याचं नाव दों जुआंव द कास्त्रो. डिसेंबर १५३८ मध्ये वसईजवळ त्याच्या सुईने हाच प्रकार केला होता. त्यालाही ती खिशात टाकता आली असती.

कास्त्रो तेव्हा अडतीस वर्षांचा होता. पुढे तो गोव्याचा गव्हर्नर झाला, मरणाआधी थोडे दिवस व्हाइसरॉयही. इतिहासाच्या पुस्तकांत तो लढायांमुळे सापडतो, पण मला त्याच्याकडे ओढलं ते त्याच्या मार्गपोथ्यांनी. पोर्तुगीजमध्ये त्यांना ‘रोतेरू’ म्हणतात. कुठून निघालो, वारा कुठला, पाणी किती वाव खोल, किनाऱ्यावर कोणता डोंगर दिसला की बंदर जवळ आलं समजायचं, बारा म्हणजे खाडीच्या तोंडाशी साचलेला वाळूचा बांध कुठून ओलांडायचा, हे सगळं लिहून ठेवलेली वही म्हणजे रोतेरू. कास्त्रोने अशा तीन लिहिल्या: लिस्बन ते गोवा, गोवा ते दीव आणि १५४१ची तांबड्या समुद्राची. गोवा ते दीव म्हणजे आपलाच किनारा. दाभोळ, चौल, मुंबई, वसई. प्रत्येक मोठ्या बंदराचं चित्र, जणू गरुडाच्या पाठीवर बसून काढलेलं: खाडीचं तोंड, डोंगर, गाव, पाण्यात गलबतं.

त्या काळी समुद्रावर माणूस किती आंधळा होता हे लक्षात घेतल्याशिवाय या वह्यांचं मोल कळत नाही. अक्षांश काढणं त्यामानाने सोपं. ध्रुवतारा क्षितिजापासून जितका वर, साधारण तितका तुमचा अक्षांश. अरबी समुद्रातले नाखवे यासाठी ‘कमाल’ नावाचं साधन वापरत. लाकडाची लहानशी पाटी, मधोमध भोक आणि त्यातून ओवलेली, गाठी मारलेली दोरी, एवढंच. दोरी दातांत धरायची आणि पाटी अशा अंतरावर न्यायची की खालची कड क्षितिजाला टेकेल आणि वरची ध्रुवाला. कितव्या गाठीवर हे जमलं त्यावरून आपण कुठल्या बंदराच्या रांगेत आलो ते कळायचं. कोनाचं माप होतं ‘इस्बा’, म्हणजे बोट. ध्रुव किती बोटं वर आहे एवढं विचारून माणसं एडनहून मलबारला येत-जात होती. विषुववृत्ताच्या दक्षिणेला ध्रुव दिसत नाही, म्हणून पोर्तुगिजांनी दुपारच्या सूर्याची उंची आणि सूर्याची कोष्टकं वापरली.

घोडं अडत होतं ते रेखांशावर. पूर्व-पश्चिम किती सरकलो हे सांगणारा एकही तारा आकाशात नाही, कारण पृथ्वी फिरते आणि सगळं आकाशच सरकत राहतं. जहाजाचा वेग नजरेने अजमावायचा, वाळूच्या घड्याळावर वेळ धरायची आणि दोन्हींचा गुणाकार करून नकाशावर टिंब द्यायचं. त्या टिंबाच्या भरवशावर शेकडो माणसं अंधारात पुढे जायची. समुद्रावर चालणारं अचूक घड्याळ हाती येऊन हा प्रश्न सुटायला अठरावं शतक उजाडलं. ती गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. मला त्याआधीची, फसलेल्या उत्तराची गोष्ट जास्त जवळची वाटते.

ते उत्तर होतं सुईचं. सुई खऱ्या उत्तरेला नेमकी उभी राहत नाही, थोडी कललेली असते, आणि हा कल जागेनुसार बदलतो, हे खलाशांच्या ध्यानात आलं होतं. अटलांटिकच्या प्रवासात तो पूर्वेकडे असायचा. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळ सुई जवळपास नेमकी उत्तरेला उभी राहायची. तिथल्या भूशिराला पोर्तुगिजांनी ‘अगुल्यास’, म्हणजे सुया, असं नाव दिलं ते यावरूनच, असं मानतात. टोक ओलांडून हिंदी महासागरात आलं की कल पश्चिमेला. मग माणसाच्या मनात येणारच की पूर्व-पश्चिम सरकण्याचं माप सुईच देते आहे! जितके अंश कल, त्या प्रमाणात रेखांश. सुई बघा, टिंब द्या. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला हा समज पोर्तुगीज नौकानयनात पक्का बसला होता आणि त्याच्या बाजूने बोलणारी माणसं जाणती होती.

एप्रिल १५३८ मध्ये कास्त्रो लिस्बनहून निघाला तेव्हा हा समज तपासण्याचं साधन त्याच्याजवळ होतं. पेद्रू नुनीश हा पोर्तुगालचा मोठा गणिती त्याचा गुरू. दिशा स्थिर ठेवून चालणारं जहाज पृथ्वीच्या गोलावर सर्वांत जवळच्या वाटेने जात नाही, एका वळणदार रेषेवरून जातं, हे नुनीशने आदल्याच वर्षी छापून दाखवलं होतं. पुढे १५६९ मध्ये मर्केटर या नकाशाकाराने जो नकाशा काढला, त्यात हीच वळणदार रेषा सरळ दिसते. त्यापायी ग्रीनलंड आफ्रिकेएवढं फुगतं, पण नाखव्याला पट्टी ठेवून दिशा काढता येते. या नुनीशने सुईचा कल मोजायला एक सावलीयंत्र सुचवलं होतं: आडवी वर्तुळाकार तबकडी, कडेला अंशांच्या खुणा, मधोमध उभी सळई आणि तबकडीतच बसवलेली चुंबकसुई. दुपारच्या आधी सूर्य एका ठरावीक उंचीवर असताना सळईची सावली कुठे पडते ते टिपायचं. दुपार टळल्यावर सूर्य पुन्हा त्याच उंचीवर आला की पुन्हा टिपायचं. दोन सावल्यांच्या बरोबर मध्ये खरी उत्तर-दक्षिण. सुई त्या रेषेपासून जितकी बाजूला, तितका तिचा कल.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी थांबलेच. ही तर आपली शंकूची रीत! शुल्बसूत्रांत यज्ञवेदीसाठी दिशा ठरवताना हेच सांगितलं आहे: सपाट जमिनीवर शंकू, म्हणजे उभी खुंटी, रोवा, भोवती वर्तुळ काढा, सावलीचं टोक वर्तुळाला सकाळी आणि दुपारी जिथे शिवतं तिथे खुणा करा आणि त्या जोडा. ती पूर्व-पश्चिम. अरब ज्योतिषी या वर्तुळाला ‘हिंदी वर्तुळ’च म्हणत. नुनीशच्या तबकडीपर्यंत ही रीत कुठल्या वाटेने पोचली यात मी शिरत नाही. पण सावलीची तीच युक्ती पितळेत बसून आफ्रिकेला वळसा घालून गोव्याला आली, एवढं माझ्या मनात ठसलं.

मग करून बघितल्याशिवाय चैन पडेना. यंदा संक्रांतीनंतरच्या रविवारी पुण्यात आमच्या गच्चीवर मी प्लायवूडचा एक तुकडा पाणसळ लावून सपाट केला, मध्ये लांब खिळा ठोकला आणि सुतळीच्या टोकाला पेन्सिल बांधून वर्तुळ काढलं. आई खुर्ची टाकून शेजारी बसली. सावलीचं टोक मुंगीच्या चालीने वर्तुळाकडे सरकत होतं. अगदी जवळून बघितलं तर त्या टोकाला टोक नसतंच. सूर्य म्हणजे टिंब नव्हे, तबकडी आहे, त्यामुळे सावलीची कड विरघळलेली असते, धुतलेल्या शाईसारखी. नेमकी खूण कुठे करायची? मी खिळ्याच्या माथ्यावर भोक पाडलेला कागदाचा तुकडा चिकटवला, तेव्हा सावलीत उजेडाचा एक बारका ठिपका मिळाला आणि काम सोपं झालं. पावणेअकराच्या सुमारास ठिपका वर्तुळाला शिवला. दुपारी परत शिवला तो पावणेतीनला. मध्य काढला तर पाऊण वाजता येतो. म्हणजे आमच्या गच्चीवरची खरी दुपार त्या दिवशी घड्याळाच्या बारानंतर पाऊण तासाने झाली.

‘यात नवीन काय?’ आई म्हणाली. ‘तुझी पणजी तुळशीवृंदावनाची सावली तिसऱ्या फरशीवर आली की भाताचं आधण ठेवायची. थंडीत दुसरी फरशी धरायची.’ थंडीत दुसरी फरशी! ऋतूप्रमाणे बदलणारं सूर्याचं कोष्टक पणजीने अंगणात फरश्यांवर मांडलं होतं. ते कुठेच लिहिलेलं नाही, आईच्या बोलण्यात आलं म्हणून मला कळलं.

मी तीन रविवार मोजलं. तिन्ही रेषा एकमेकींपासून अंश-दोन अंश सरकलेल्या आल्या. महाराष्ट्रात आज सुईचा कल एक अंशाहूनही कमी आहे. म्हणजे जे मोजायला निघाले त्यापेक्षा माझी चूकच मोठी ठरली. आणि ही गच्ची होती, हलत नव्हती. कास्त्रोने ही मापं डोलणाऱ्या जहाजावर घेतली. संधी मिळेल तेव्हा, महिनोन्‌महिने, त्या सगळ्या प्रवासांत मिळून चाळीसहून जास्त वेळा.

त्यातून निघालं काय? खलाशांचा लाडका समज खोटा ठरला. सुईचा कल रेखांशाच्या हिशोबात बदलत नाही. रेखांश सांगणारी सुई मिळाली असती तर पोर्तुगालच्या राजाला ती सोन्याच्या खाणीसारखी होती. तपासणारा माणूस राजाच्याच पदरी होता, बरोबर खुद्द नवा व्हाइसरॉय ताफा घेऊन चालला होता. तरी आकडे जसे आले तसेच त्याने लिहिले. इतकंच नाही. ऑगस्ट १५३८ मध्ये मोझांबिकच्या मुक्कामात मापं एकमेकांशी जुळेनात, तेव्हा त्याने कारण शोधलं आणि ते जवळच असलेल्या तोफेत सापडलं. जहाजावरचं लोखंड सुईला फसवतं हे त्याने नोंदवून ठेवलं. युरोपात ही गोष्ट पुन्हा कुणी मांडायला सव्वाशे वर्षं गेली, कारण त्याच्या वह्या हस्तलिखितातच पडून होत्या. गोवा ते दीवची पोथी तर छापली गेली थेट १८४३ मध्ये.

तर, वसई. वसई तेव्हा चारच वर्षांपूर्वी गुजरातच्या सुलतानाकडून पोर्तुगिजांकडे आली होती. ताफा गोव्याहून नोव्हेंबरात निघून किनाऱ्या-किनाऱ्याने दीवकडे चालला होता. वसईच्या जवळपास काही खडकांपाशी मापं घेताना सुई एकाएकी हटली. इथे तोफ नव्हती. खडकांपासून दूर गेल्यावर सुई ठीक झाली. कास्त्रोने दोष सुईला दिला नाही, खडकाला दिला. त्या जागेच्या आसपास सुई असं करते, एवढी नोंद केली आणि पुढे गेला. खडक सुईला ओढू शकतो याची इतकी नीट, मापासकट केलेली पहिली नोंद म्हणून तिचं नाव घेतात, आणि ती आपल्या काळ्या दगडाची आहे.

त्या दगडाचं गुपित उलगडायला आणखी चारशे वर्षं लागली. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे लोट एकावर एक पसरले. त्यात लोहचुंबकी खनिजाचे बारीक कण असतात. लाव्हा थंड होताना हे कण त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय दिशेने वळतात आणि तसेच गोठतात. सह्याद्रीचा प्रत्येक थर म्हणजे एक थांबलेली सुई. उघड्या माथ्यावरच्या शिळेवर वीज पडली तर तिच्यातलं चुंबकत्व आणखी वाढतं. माझ्या गडावरच्या शिळेचं हेच झालं असणार. १९५०च्या दशकात शास्त्रज्ञांनी दख्खनच्या या गोठलेल्या सुया मोजल्या, तेव्हा त्यांचा कोन आजच्या महाराष्ट्राच्या अक्षांशाशी जुळेना. तो विषुववृत्ताच्या बऱ्याच दक्षिणेकडच्या जागेशी जुळत होता. म्हणजे दगड निवाला तेव्हा ही जमीनच तिकडे होती. खंडं सरकतात हे पटवणाऱ्या पुराव्यांत आपल्या घाटातल्या दगडाची साक्ष आहे. वसईजवळ कास्त्रोच्या सुईला जे ओढत होतं, त्यात भारताचा सारा प्रवास साठवलेला होता.

या माणसाबद्दल मला आदर वाटतो, आणि म्हणूनच पुढचंही लिहायला हवं. त्याच पोथीत दाभोळचं चित्र आहे. वाशिष्ठीचं तोंड, काठचं गाव. त्याआधी तीस वर्षं, डिसेंबर १५०८ मध्ये, पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदाने दाभोळ जाळलं होतं, माणसं कापून काढली होती. आणि खुद्द कास्त्रो गव्हर्नर असताना, १५४६ मध्ये दीवचा वेढा उठवल्यानंतर, त्याच्या आरमाराने गुजरातच्या किनाऱ्यावरची बंदरं जाळली. १५४७ मध्ये दाभोळवरही पुन्हा हल्ला झाला. ज्या हाताने खाडीचं तोंड इतक्या मायेने रेखलं त्याच हाताचा हुकूम होता तो. खाडीत पाणी किती आणि बारा कुठून ओलांडायचा हे चित्राला माहीत होतं, म्हणून तोफांनाही माहीत झालं. घारापुरीला आणि कान्हेरीला त्याने लेणी हिंडून पाहिली, मापं घेतली, मनापासून कौतुक करून लिहिलं. आणि पोर्तुगालमध्ये सिंत्रा इथल्या त्याच्या वाडीत सोमनाथ पाटणचा एक संस्कृत शिलालेख जाऊन पोचला, वाघेला राजा सारंगदेवाच्या काळातला. मी यातलं एक खोडून दुसरं ठेवू शकत नाही.

आणखी एक गोष्ट मला सलते. पाणी किती खोल आहे हे पोर्तुगीज ‘ब्रासा’त मोजत. ब्रासा म्हणजे पसरलेल्या दोन हातांची लांबी. आपली वाव म्हणजेही तेच. दोरीला शिसं बांधून सोडायचं आणि दोरी वर ओढताना हातांनी मोजत जायचं, ही कृती दोन्हीकडची एक. या किनाऱ्यावर परक्या जहाजांना इथल्या वाटाड्यांशिवाय गत्यंतर नव्हतं. कुठल्या खडपावर भरतीला किती पाणी चढतं, जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा पहाटे कधी सुटतो, कोणतं देऊळ कोणत्या डोंगराच्या खांद्यावर दिसलं की उजवीकडे वळायचं, हे तांडेलांच्या डोक्यात होतं. त्यांच्या तोंडून ते वहीत आलं. वहीवर नाव कास्त्रोचं आहे. माझ्या पणजीच्या फरश्यांसारखीच त्या तांडेलांची विद्या, लिहिणाऱ्याच्या नावावर चढली.

पोर्तुगिजांनी हे ज्ञान दडवायचा आटोकाट प्रयत्न केला. पण कागद दडत नाही. १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात आर्चबिशपच्या पदरी यान ह्यूगन व्हान लिन्सखोटेन नावाचा डच तरुण चिटणीस होता. त्याने पोर्तुगीज मार्गपोथ्या मिळवल्या, मायदेशी जाऊन डचमध्ये छापल्या. १५९५-९६च्या सुमारास त्या बाजारात आल्या आणि १६०२ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनी उभी राहिली. गोव्याच्या एका कचेरीत बसून केलेल्या नकलांनी हिंदी महासागराची मक्तेदारी मोडायला हातभार लावला. या माणसाबद्दल वेगळं लिहायचं आहे, म्हणून इथे थांबते.

कास्त्रो ६ जून १५४८ रोजी गोव्यात वारला. नंतर त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले.

मागच्या महिन्यात मी रेवदंड्याला गेले होते. खाडीपलीकडे कोर्लईचा डोंगर समुद्रात शिरलेला दिसतो. तिथला किल्ला कास्त्रोनंतरचा, पण डोंगर त्याने पाहिलेला. चौलला येणाऱ्या कुठल्याही गलबताला तो चुकवता येत नाही. डोंगराच्या पायथ्याच्या गावात अजून पोर्तुगीजमधून उगवलेली बोली घराघरांत बोलतात. एका ओट्यावर दोन बायका मासळी निवडत बोलत होत्या. त्यांच्या बोलण्यात मराठी शब्द ऐकू येत होते, पण वाक्य माझ्या हाती लागत नव्हतं.

बाबांची पितळी डबी अजून आहे. काच थोडी चरे पडलेली, सुई ठणठणीत. किल्ल्याच्या माचीवर दक्षिणेच्या अंगाला एक उघडा, उन्हापावसात झिजलेला काळा खडक सापडला. डबी ठेवली. सुई फिरली. मग खडकापासून चार पावलं मागे जाऊन डबी तळहातावर धरली, थांबले, पुन्हा जाऊन ठेवली. असं पाच वेळा केलं. खाली लाटा फुटत होत्या. वही गुडघ्यावर ठेवली आणि लिहिलं:

‘कोर्लई. सकाळी साडेनऊ. आकाश निरभ्र. जवळ लोखंड नाही, मोबाइल वीस पावलांवर पिशवीत. खडकावर सुई पश्चिमेकडे अंदाजे पंधरा अंश हटते. चार पावलांवर ठीक. पाचही वेळा तसंच. होकायंत्र बिघडलेलं नाही.’